एकच मोटर, दोन इंजिने

प्रस्तावना

वाराणसी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गंगेचे घाट उभे राहतात, अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलेले काशी विश्वनाथाचे मंदिर आठवते. या नगरीची आणखी एक ओळख आहे. येथे रेल्वेची इंजिने तयार होतात. १९६१ साली स्थापन झालेल्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स या कारखान्याचे पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. २०२० साली या कारखान्याला बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स हे नाव मिळाले. आता तेथे प्रामुख्याने विजेवर चालणारी इंजिने बनतात.

याच शहरात, १९१९ साली सुरू झालेल्या बनारस इंजिनिअरिंग कॉलेजचा वारसा सांगणारी आय.आय.टी. आहे. तेथील विद्यार्थी दरवर्षी 'टेक्नेक्स' हा तंत्रमहोत्सव भरवतात आणि लहान यंत्रमानव बनवून स्पर्धेत उतरवतात. एकीकडे शंभराहून अधिक टनांचे इंजिन, दुसरीकडे दहा-वीस किलोंचा यंत्रमानव. दोहोंच्या आकारात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही ते घडवणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न एकच असतो : मोटर कोणती घ्यावी आणि ती चाकाला कोणत्या दंतचक्रांनी जोडावी? या पाठात आपण त्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
- दंतचक्रांमुळे वेग आणि ताकद यांत होणारा बदल सांगता येईल;
- मोटर अडली असता का तापते, याचे कारण स्पष्ट करता येईल;
- कामाचे स्वरूप पाहून योग्य गुणोत्तर कसे निवडावे, हे उदाहरणाने मांडता येईल;
- 'जितका–तितका' या जोडशब्दांची वाक्यरचना वापरता येईल.

मूळ पाठ

१. फेरे आणि ताकद

सायकल आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. समजा, तिच्या पायडलजवळच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्या चाकाजवळच्या चक्राला १६. पायडलचा एक फेरा पूर्ण होतो तेव्हा मागचे चाक तीन फेरे घेते. वेग वाढतो, पण चढ लागला की पायांना जड जाते. मागे १६ ऐवजी २४ दात्यांचे चक्र बसवले, तर चाक दोनच फेरे घेईल. वेग कमी होईल. मात्र चढ सुसह्य होईल. सायकलस्वार तोच, त्याचे बळ तेच. बदलले ते केवळ बळ वापरण्याचे रूप.

मोटरीच्या बाबतीत हीच गोष्ट उलट दिशेने घडते. मोटर अतिशय वेगाने फिरते. परंतु तिच्या दांड्याला पीळ थोडा असतो. कारखान्यात या पिळाला टॉर्क म्हणतात. मोटरीच्या दांड्यावर लहान आणि चाकाच्या आसावर मोठे दंतचक्र बसवले की फेरे कमी होतात आणि पीळ वाढतो. लहान चक्राला १० व मोठ्याला ५० दाते असतील, तर चाकाचे फेरे मोटरीच्या एकपंचमांश होतात आणि पीळ पाचपट होतो. मोठ्या चक्राच्या दात्यांच्या संख्येला लहान चक्राच्या दात्यांच्या संख्येने भागले असता जी संख्या येते, तिला दंतचक्रांचे गुणोत्तर म्हणतात. या उदाहरणात ते ५ आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दंतचक्रे शक्ती निर्माण करत नाहीत. उलट, दाते एकमेकांवर घासले जात असल्याने थोडी शक्ती वायाच जाते. दंतचक्रे फक्त देवाणघेवाण करतात. वेग द्यावा आणि ताकद घ्यावी, किंवा ताकद द्यावी आणि वेग घ्यावा. दोन्ही एकदम वाढवून देणारे दंतचक्र आजवर कोणी बनवलेले नाही.

२. वाराणसीची दोन इंजिने

या देवाणघेवाणीचे उत्तम उदाहरण वाराणसीच्या कारखान्यात पाहायला मिळते. तेथे बनणाऱ्या विद्युत इंजिनांत दोन मालिका महत्त्वाच्या आहेत. डब्ल्यूएजी-९ ही मालगाडीसाठी, तर डब्ल्यूएपी-७ ही प्रवासी गाडीसाठी. दोन्ही इंजिनांना सहा आस असतात आणि प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर असते. विशेष म्हणजे दोन्हींतील मोटर एकाच प्रकारची आहे. मालगाडीचे इंजिन आधी आले. त्याच्या दंतचक्रांत व नियंत्रणाच्या आज्ञावलीत बदल करून प्रवासी इंजिन सिद्ध झाले.

मूळ डब्ल्यूएजी-९ मध्ये मोठ्या चक्राला ७७ व लहान चक्राला १५ दाते आहेत. त्यांचे गुणोत्तर सुमारे ५.१३ येते. डब्ल्यूएपी-७ मध्ये हीच संख्या ७२ आणि २० आहे, गुणोत्तर ३.६. आता परिणाम पाहा. गाडी सुरू करताना पहिले इंजिन सुमारे ४५८ किलोन्यूटन बलाने ओढू शकते, दुसरे सुमारे ३२२ किलोन्यूटन बलाने. पहिल्याचा कमाल वेग ताशी १०० किलोमीटर, दुसऱ्याचा १४०. म्हणजे मालगाडीचे इंजिन ओढण्यात सुमारे १.४ पट सरस, तर प्रवासी इंजिन वेगात १.४ पट सरस. आणि ५.१३ ला ३.६ ने भागले तर किती येतात? तेही १.४ च्या आसपासच! एका हाताने जेवढे दिले, तेवढेच दुसऱ्या हाताने घेतले.

आणखी एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. नव्या चाकाचा व्यास १.०९२ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने धावताना मालगाडीच्या इंजिनाची मोटर मिनिटाला सुमारे २,५०० फेरे घेते. ताशी १४० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या प्रवासी इंजिनाची मोटरही जवळपास तितकेच फेरे घेते. बाहेर एक गाडी संथ आणि दुसरी वेगवान दिसते. आत मोटरीला मात्र दोन्हीकडे सारखेच फिरावे लागते. मोटर कामाला जुळवून घेत नाही, ते जुळवून देण्याचे काम दात्यांचे आहे.

> पाठगत प्रश्न १
> १. मोटरीच्या दांड्यावर १२ दात्यांचे आणि आसावर ६० दात्यांचे चक्र आहे. गुणोत्तर किती? मोटर मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर चाक किती फेरे घेईल?
> २. डब्ल्यूएपी-७ या इंजिनाचा कमाल वेग डब्ल्यूएजी-९ पेक्षा अधिक का आहे? एका वाक्यात लिहा.

३. अंथरूण पाहून पाय पसरावेत

मग गुणोत्तर वाढवत नेले, तर ताकद हवी तेवढी वाढेल का? नाही. मोटरीची ताकद शेवटी चाकाच्या द्वारे जमिनीवर किंवा रुळावर उतरते. तेथे घर्षणाची मर्यादा येते. चाकावर जितका भार, तितकी त्याची पकड. पकडीपेक्षा अधिक बल लावले तर चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि गाडी पुढे सरकत नाही. पावसात चिखलात रुतलेली मोटार अनेकांनी पाहिली असेल.

मूळ डब्ल्यूएजी-९ चे वस्तुमान १२३ टन आहे, म्हणजे रुळांवर त्याचा भार सुमारे १,२०५ किलोन्यूटन पडतो. त्याचे ४५८ किलोन्यूटन हे बल या भाराच्या ३८ टक्के भरते. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड याहून फारशी ताणता येत नाही. म्हणून पुढे अधिक बल हवे झाले, तेव्हा इंजिनाचे वजनच मुद्दाम वाढवून १३२ टन करण्यात आले आणि सुरुवातीचे बल सुमारे ५०० किलोन्यूटनपर्यंत गेले. रूळ ओले झाले की इंजिनाच्या चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय असते, तीही पकड वाढवण्यासाठीच.

मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटात दर ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे. हजार टनांची गाडी या चढावर मागे न घसरता नुसती धरून ठेवायची, तरी सुमारे २६५ किलोन्यूटन बल लागते. इंजिनाचे स्वतःचे वजन वेगळेच. म्हणून घाटात गाडीला जास्तीची इंजिने जोडतात. तेथे केवळ शक्ती वाढत नाही, तर रुळाला धरून ठेवणाऱ्या चाकांची संख्याही वाढते.

४. अडलेली मोटर

ताकदीला पकडीची मर्यादा आहे, तशी मोटरीला उष्णतेची. मिक्सरमध्ये घट्ट वाटण अडकले की त्याचा आवाज बदलतो, जळका वास येऊ लागतो आणि तळाचे लाल बटण पडून तो बंद होतो. यामागचे कारण सोपे आहे. मोटर फिरत असते तेव्हा तिच्या आतच एक विरोधी विद्युतदाब निर्माण होतो आणि तो बाहेरून येणाऱ्या प्रवाहाला आवर घालतो. मोटर अडली की हा आवर नाहीसा होतो. प्रवाह कित्येक पट वाढतो. पण काम काहीच होत नसल्याने सारी शक्ती उष्णतेत जाते. तारेवरचा रोधक लेप जळतो आणि मोटर निकामी होते.

यंत्रमानवात वापरल्या जाणाऱ्या साध्या मोटरीचा स्वभाव असा : ती मोकळी फिरते तेव्हा वेग सर्वाधिक, पण पीळ जवळजवळ शून्य. ती अडते तेव्हा पीळ सर्वाधिक, पण वेग शून्य. जसजसा भार वाढतो, तसतसा वेग उतरतो आणि प्रवाह चढतो. मोकळ्या वेगाच्या निम्म्या वेगावर ती सर्वांत अधिक शक्ती देते. मात्र तेथे सतत ठेवल्यास तापते. म्हणून रोजच्या कामाचा भार अडलेल्या अवस्थेतील बलाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढा ठेवावा, असा व्यवहार्य संकेत पाळला जातो.

५. स्पर्धेचा यंत्रमानव

आता मैदानात उतरू. आशिया व प्रशांत महासागर परिसरातील देशांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली एबीयू रोबोकॉन ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ साली ती पुण्यात भरली. तिचा विषय होता 'गोविंदा', म्हणजे लोणी पळवणाऱ्या बाळकृष्णाची कथा. पुन्हा २०१४ सालीही पुण्यालाच हा मान मिळाला. अशा स्पर्धेचा सामना अवघ्या काही मिनिटांचा असतो. महिनोन् महिने रात्री जागवून आणि वर्गणी काढून बनवलेला यंत्रमानव त्या मिनिटांत अडला, तर दात्यांची संख्या बदलायला वेळ उरत नाही. ती निवड आधीच, कागदावर झालेली असावी लागते.

समजा, एका गटाचा यंत्रमानव २० किलोंचा आहे. त्याची चाके १० सेंटीमीटर व्यासाची असून सारी चाके मोटरीने फिरतात. मोटरी दोन. प्रत्येकीचा मोकळा वेग मिनिटाला ६,००० फेरे आणि अडलेल्या अवस्थेतील पीळ ०.६ न्यूटन-मीटर. दंतचक्रांत २० टक्के ताकद वाया जाते असे धरू. रबरी चाकांची पकड भाराच्या ०.६ पट धरली, तर जमिनीवर जास्तीत जास्त ११८ न्यूटन बल उतरू शकते. झटकन वेग घेण्यासाठी आणि चाकांचा अडथळा ओलांडण्यासाठी त्याला साधारणपणे ५० न्यूटन बल लागते. गटापुढे तीन गुणोत्तरे आहेत.

| गुणोत्तर | मोकळा वेग, सेकंदाला | अडलेल्या अवस्थेतील बल | ५० न्यूटन भारावर वेग |
|---|---|---|---|
| ५ | ६.३ मीटर | ९६ न्यूटन | ३.० मीटर |
| १० | ३.१ मीटर | १९२ न्यूटन | २.३ मीटर |
| २० | १.६ मीटर | ३८४ न्यूटन | १.४ मीटर |

पहिल्या ओळीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. सेकंदाला सहा मीटर! परंतु भार येताच तो वेग निम्म्याहून खाली उतरतो. शिवाय ९६ न्यूटन हे बल पकडीच्या ११८ न्यूटनपेक्षा कमी आहे. म्हणजे यंत्रमानव कठड्याला किंवा प्रतिस्पर्ध्याला भिडला, तर चाके घसरणार नाहीत. मोटरीच अडतील आणि जळतील.

तिसऱ्या ओळीत ताकद भरपूर दिसते. पण ३८४ पैकी ११८ न्यूटनच जमिनीवर उतरणार. उरलेली ताकद कागदावरच राहते आणि तिच्यासाठी वेगाचा बळी मात्र जातो.

मधल्या ओळीत तीनही गोष्टी जुळतात. रोजचा भार अडलेल्या बलाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका आहे. वेग पुरेसा आहे. आणि यंत्रमानव कशाला भिडलाच, तर मोटरी अडण्याआधी चाके घसरतात; घसरणारे चाक मोटरीला जीवदान देते. अर्थात, त्याही स्थितीत प्रवाह बराच असतो. म्हणून ती फार वेळ राहू देऊ नये.

आता एक आश्चर्य पाहा. थांबलेल्या अवस्थेतून तीन मीटर अंतर कापायचे असेल, तर पहिला आणि दुसरा यंत्रमानव जवळजवळ एकाच वेळी, सुमारे १.४ सेकंदांत पोहोचतात. अंतर एक मीटर असेल, तर 'हळू' म्हटला जाणारा दुसराच आधी पोहोचतो. कारण त्याची सुरुवात जोरकस असते. पहिल्याचा मोठा वेग त्याच्या अंगी येईपर्यंत मैदान संपलेले असते. मैदान लहान आणि वळणे पुष्कळ असतील, तर कमाल वेगापेक्षा तो वेग किती लवकर मिळतो, याला महत्त्व असते.

६. निवडीचा क्रम

यावरून निवडीचा क्रम सहज उलगडतो. प्रथम काम पाहावे : वजन किती, अंतर किती, चढ आहे का, कोणाला ढकलायचे आहे का. मग चाकांची पकड काढावी. त्यानंतर लागणारे बल आणि वेग ठरवावेत. दोहोंचा गुणाकार म्हणजे लागणारी शक्ती. तेवढी शक्ती न तापता देणारी मोटर घ्यावी. दात्यांची संख्या सर्वांत शेवटी ठरवावी. पुष्कळदा याच्या उलट घडते. बाजारात स्वस्त मिळालेली किंवा मोठ्या वेगाची म्हणून आवडलेली मोटर आधी घेतली जाते आणि काम तिच्या गळ्यात मारले जाते. मग मोटर जळते आणि दोष मोटरीला दिला जातो.

वाराणसीच्या कारखान्यात एकाच मोटरीपासून दोन वेगळ्या स्वभावांची इंजिने घडतात. एक कोळसा आणि धान्य भरलेल्या वाघिणी ओढते, दुसरे माणसांना त्यांच्या गावी लवकर पोहोचवते. त्यांतले श्रेष्ठ कोणते, या प्रश्नाला अर्थ नाही. समोर काम कोणते आहे, एवढेच विचारायचे असते.

> पाठगत प्रश्न २
> १. चूक की बरोबर ते लिहा : दंतचक्रांमुळे मोटरीची शक्ती वाढते.
> २. मोटर अडल्यावर विद्युतप्रवाह का वाढतो?
> ३. २० हे गुणोत्तर गटाच्या यंत्रमानवासाठी का योग्य नाही?

भाषाभ्यास

१. 'दात' आणि 'दाता' हे शब्द पाहा. तोंडातील दाताचे अनेकवचन 'दात' असेच राहते. करवतीचा, फणीचा किंवा चक्राचा असतो तो 'दाता'. त्याचे अनेकवचन 'दाते' आणि सामान्यरूप 'दात्या–'. म्हणून चक्राच्या 'दात्यांची संख्या' असे लिहितात. 'देणारा' या अर्थाचा 'दाता' हा शब्द वेगळा. तो संस्कृतातून आला आहे.

२. 'चाकावर जितका भार, तितकी त्याची पकड.' या वाक्यात 'जितका–तितकी' या जोडीने दोन गोष्टींचे प्रमाण सांगितले आहे. 'जसजसा–तसतसा' ही जोडी बदलाची गती सांगते. पाठातून तिचे एक वाक्य शोधा.

तुम्ही काय शिकलात?

- दंतचक्रे शक्ती वाढवत नाहीत. वेग आणि ताकद यांची अदलाबदल करतात.
- ताकदीची अंतिम मर्यादा चाकाची पकड ठरवते आणि मोटरीची मर्यादा उष्णता ठरवते.
- काम, पकड, बल व वेग, मोटर आणि शेवटी दाते, हा निवडीचा योग्य क्रम आहे.

पाठान्त प्रश्न

१. मालगाडीच्या व प्रवासी गाडीच्या इंजिनांची तुलना आठ-दहा ओळींत करा.
२. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे शीर्षक तिसऱ्या भागाला कसे लागू पडते, ते स्पष्ट करा.
३. ई-रिक्षाला कायद्याने ताशी २५ किलोमीटर वेगाची मर्यादा आहे आणि तिला चालकासह चार प्रवासी न्यायचे असतात. तिच्यासाठी गुणोत्तर मोठे ठेवावे की लहान? कारणे देऊन लिहा.
४. तुमच्या परिसरातील पिठाची गिरणी, शिलाई यंत्र किंवा उसाचा चरक यांपैकी एकाचे निरीक्षण करा. त्यात वेग घटवला आहे की वाढवला आहे, याचे वर्णन करा.
५. 'जितका–तितका' ही जोडी वापरून स्वतःची तीन वाक्ये लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. गुणोत्तर ५, चाक मिनिटाला ६०० फेरे घेईल. २. त्याच्या दंतचक्रांचे गुणोत्तर लहान असल्याने मोटरीच्या तितक्याच फेऱ्यांत चाक अधिक फेरे घेते.

प्रश्न २ : १. चूक. २. मोटर थांबल्यावर तिच्यातील विरोधी विद्युतदाब नाहीसा होतो, म्हणून प्रवाहाला आवर राहत नाही. ३. पकडीच्या पलीकडची ताकद जमिनीवर उतरत नाही आणि वेग मात्र कमी होतो.